नाना कार्तिकातच निघाले होते

घराचा सौदा कशावर मोडतो, असं कुणालाही विचारा, तो म्हणेल भावावर. साफ चूक! श्रीरामपूर आणि आसपासच्या गावांत घरं-प्लॉट दाखवून दाखवून माझे गुडघे गेले, म्हणून अधिकारानं सांगतो, भावावर माणसं नुसती भांडतात. भांडून दमली की चहा पितात आणि मधल्या आकड्यावर येतात. सौदा मोडतो तो तारखेवर. घेणाऱ्याला ताबा कालच पाहिजे असतो आणि विकणारा म्हणतो, "देऊ हो, एवढी काय घाई?" या दोघांच्या मध्ये जो माणूस स्कूटर घेऊन उभा असतो, त्याला एजंट म्हणतात. पाठीमागं लोक दलाल म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. तोंडावर दावीदभाऊ म्हणतात, तेवढं पुरे.

चर्चच्या नाताळ अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा, असा निरोप आला, तेव्हा आमच्या मार्थाबाई म्हणाल्या, "तुमी काय लिवणार? जगाला घरं दिली, आपलं गळकं राह्यलं, असं लिवा." बायकोचं म्हणणं खोटं नाही, पण तेवढ्यावर लेख होत नाही.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा सोपा वाटतो. व्यवहार ठरला की विसार द्यायचा, मग साठेखत, मग खरेदीखत, सह्या, अंगठे, पेढे. कागद सरळच असतो हो, माणूस सरळ नसतो. खरेदीखत झालं म्हणजे घर तुमचं झालं, हे रजिस्टर ऑफिसात खरं. इकडं घरात त्याची धान्याची कोठी असते, त्याची सासू असते, तुळस असते. ते सगळं उंबऱ्याबाहेर पडेल तेव्हा ताबा. म्हणून माझ्या भिंतीला दोन कॅलेंडरं, एक तिथ्यांचं, एक चर्चचं. पितृपक्षात कुणाकडं घराचं नाव काढायचं नाही. पौषात नाही. आमचे ख्रिस्ती बांधव मात्र छाती ठोकून सांगतात, "आपल्यात मुहूर्त-बिहूर्त काय नसतं, दावीदभाऊ, कुठलीबी तारीख धरा." तशी धरली की हळूच कानाशी येतात, "त्या दिवशी आवस तर न्हाई ना?"

बेलापुरात एकानं घर विकलं आणि ताब्याला अट घातली म्हशीची. "गाभण हाय. व्याली की दुसऱ्या दिवशी घर खाली." घेणारा बँकेतला माणूस. तो रोज बँक सुटली की म्हशीची तब्येत बघायला यायचा, येताना सरकी पेंड आणायचा. म्हैस व्याली, तर हा म्हणतो, "रेडकाला वारा लागू द्यायचा न्हाई." शेवटी त्या साहेबानं वैतागून घराबरोबर म्हैस आणि रेडकू दोन्ही विकत घेतलं. आज त्याच्या घरचं दूध अर्ध्या गल्लीला जातं आणि मला बघितलं की तो अजून तोंड फिरवतो. पण ही म्हैस परवडली म्हणायची पाळी नाना कुलथ्यांनी आणली.

नाना कुलथे साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्यांची रांग कितीही लांब असो, हातातला चहा संपल्याशिवाय नानांनी काट्याकडं कधी बघितलं नाही. असा माणूस रिटायर झाला, मुलगा पुण्याला फ्लॅट घेऊन "या, या" करायला लागला, म्हणून नानांनी श्रीरामपुरातलं घर विकायला काढलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं चांगलं ऐसपैस अंगण. गिऱ्हाईक मी आणलं ते त्रिभुवन गुरुजींचं. गुरुजी झेडपीच्या शाळेतले, आमच्याच चर्चचे, सगळी नोकरी भाड्याच्या घरांत काढलेली. बायको गेल्यावर एकट्यानं मुलगी वाढवली. मुलगी सुवार्ता नर्स झाली आणि देवळाली प्रवऱ्यातल्या एका चांगल्या घरात तिचं लग्न ठरलं, नाताळाच्या आठवड्यात. गुरुजींनी बायकोला शेवटच्या दुखण्यात शब्द दिला होता, पोरीची हळद आपल्या स्वतःच्या अंगणात लावीन, भाड्याच्या दारातून तिला पाठवणार नाही. नानांचं अंगण बघितलं आणि गुरुजींचे डोळे भरले. धंद्याच्या हिशेबानं गिऱ्हाइकानं असं रडणं वाईट, भाव वाढतो. पण मी काय बोलणार?

बैठक नानांच्या ओट्यावरच झाली, गुरुजींबरोबर सुवार्ताही आली होती. गुरुजींनी एका वाक्यात बोली केली. "भाव तुमचा, नाना. तारीख माझी."

मी इतकी वर्षं धंदा केला, पण इतकी स्वच्छ बोली ऐकली नाही. नानांनी चहा संपवला. मग विचारलं, "कुठली तारीख?"

"तुळशीचं लग्न लागलं की ताबा. मला रंग द्यायचाय, मांडव घालायचाय, पोरीची हळद आहे."

"दिला शब्द," नाना म्हणाले. आतून सुमनकाकू, म्हणजे नानांच्या मंडळी, साखर घेऊन आल्या. सुवार्ताचं लग्न आहे कळल्यावर तिच्याच हातावर आधी ठेवली. काकूंना एकच मुलगा, मुलीची हौस राहून गेलेली.

तुळशीचं लग्न लागलं. ठरल्या दिवशी सकाळी मी बेलापुरातून श्रीरामपूरला गेलो, तर दारात गुरुजींच्या सामानाचा टेम्पो उभा. गुरुजींच्या आधीच्या घरमालकानं लगेच चुना मारून दुसरा भाडेकरू घातला होता, त्यामुळं परतीचा रस्ता बंद. आणि नाना? नाना ओट्यावर पेपर वाचत बसलेले. आत एक चमचासुद्धा बांधलेला नाही.

"नाना, अहो सामान?"

"सामान राहील जरा. पण आमी निघालो."

"कुठं निघालात? इथं तर बसलाय!"

"बसलोय, पण निघालो. सकाळी तुमच्याच घरी प्रस्थान ठेवून आलो. शब्द पाळलाय आमी."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. निघायला चांगला दिवस आज आहे आणि जाणं तर पुढं होणार आहे, अशा वेळी जुनी माणसं जायच्या दिशेच्या एखाद्या घरी आपलं एक बोचकं नेऊन ठेवतात. उपरण्यात बांधलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड. याला प्रस्थान म्हणतात. बोचकं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग माणसानं सवडीनं जावं आणि वाटेत ते उचलावं, उचललं की जाणं पुरं झालं. पुण्याच्या वाटेवर बेलापूर, बेलापुरात माझं घर. मी वाटेत एकाला प्लॉट दाखवून तिकडं पोचेपर्यंत नाना रिक्षानं इकडं येऊन मार्थाच्या हातात बोचकं देऊन परतसुद्धा गेले. तिला वाटलं, सौद्याच्या आनंदात तांदूळ दिले. मी फोन केला म्हणून, नाहीतर त्या दिवशी नानांचं प्रस्थान आमच्या कुकरात गेलं असतं.

"पण नाना, खरं जाणार कधी?"

"मार्गशीर्ष होऊ द्या. हिचे गुरुवार असतात. इतकी वर्षं ह्याच घरात घट मांडलाय, आता मधेच कुठं त्या सातव्या मजल्यावर नेऊन मांडायचा?"

मी घाबरून गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणजे शांत माणूस, वर्गात कधी छडी न उचललेला. त्यांनी एकदा टेम्पोकडं बघितलं. मग म्हणाले, "नाना निघाले ना? बोचकं गेलं ना? मग घर रिकामं झालं. भाऊसाहेब, उतरवा सामान."

भाऊसाहेब म्हणजे टेम्पोवाला. तो खिडकीतून आत डोकावला. "गुर्जी, पर मान्सं तर आत हायेत की!"

"ती नुसती दिसतायत," गुरुजी म्हणाले.

नानांना हे पटलं, हीच तर पंचाईत! त्यांनी स्वतः उठून गुरुजींच्या कपाटाला हात लावला. पुढची खोली गुरुजी आणि सुवार्ताची, मागची नानांची, स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात, असं ठरलं. म्हणजे ठरवलं कुणीच नाही, काकूंनी सगळ्यांना जेवायला वाढलं आणि ते तसंच चालू झालं. माझ्या धंद्यात घर रिकामं दिलेलं, भरलेलं दिलेलं, भुताखेतासकट दिलेलं मी बघितलंय. मालकासकट दिलेलं हे पहिलंच.

बरं, नाना नेमाचे पक्के. एकदा निघालो म्हणजे निघालो. त्या दिवसापासून ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वागायला लागले. बाहेरून आले की उंबऱ्याशी थांबायचे, "येऊ का, गुरुजी?" गुरुजी म्हणायचे, "या, नाना, या," मग आत. पाणी मागून प्यायचे. एकदा मी ओट्यावर बसलेलो असताना देवीच्या मंडळाचा माणूस आला. नवा असावा, ओळखत नव्हता.

"नाना कुलथे हायेत का?"

"नाना पुण्याला गेले," नानांनी सांगितलं.

"कवा येतील?"

"आता कसले येतात!" म्हणून नानांनी सुस्कारा सोडला. तो बिचारा "अरेरे" करून निघून गेला. पुढं आठवडाभर गल्लीत कुजबुज, नाना गेले म्हणजे नक्की काय झालं?

मी माझ्या परीनं प्रयत्न केले. साठेखतातलं ताब्याचं कलम वाचून दाखवलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. मी कुठं न्हाई म्हणतो? मी तर गेलोच." आता याच्यावर कुठला वकील काय करणार? त्यात प्रस्थान फार दिवस शिळं ठेवायचं नसतं म्हणे. म्हणून मधूनमधून मी ते बोचकं स्कूटरला लावून श्रीरामपूरला न्यायचं, नानांनी चांगला दिवस बघून ते पुन्हा माझ्याच हाती द्यायचं, आणि मी ते पुन्हा बेलापूरला आणायचं. नाना जागचे हलले नाहीत, माझंच पेट्रोल जळालं. मार्था दारातून ओरडायची, "आज नाना चाललेत का परत आलेत?"

मार्गशीर्षातल्या गुरुवारी काकू घट मांडायच्या, सुवार्ता ड्यूटीवरून येऊन पुढं रांगोळी काढायची. डिसेंबर लागल्यावर तिनं दारावर कागदी तारा लावला, तेव्हा शिडी नानांनी धरली. काकूंनी तिच्या रुखवताचं सगळं मनावर घेतलं. पापड, कुरडया, शेवया. एकदा मला म्हणाल्या, "दावीदभाऊ, पोरगी लई गुणाची हो. चार दिवस मिळाले, तेवढेच." ते ऐकून ताब्याचा विषय माझ्या तोंडातच राहिला.

पण इकडं चर्चमध्ये लग्नाची सूचना वाचायला सुरुवात झाली. आमच्यात ती तीन रविवार वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. तिसऱ्या रविवारी ती वाचून झाली, कुणाची हरकत निघाली नाही. हरकत फक्त अंगणात होती. दुसऱ्या दिवशी मांडववाला मापं घ्यायला आला, तर अंगणात नानांची बाज, नानांच्या कोठ्या, नानांचा जुना दिवाण. मांडववाला म्हणाला, "मांडव घालतो, पर नवरी बसंल कुठं? कोठीवर?"

मार्गशीर्षातले गुरुवार संपले होते. नाना ओट्यावर होते. म्हणाले, "आता पौष लागला, गुरुजी. पौषात कुणी घर सोडतं का?"

आणि गुरुजी फुटले. त्या माणसाचा आवाज इतका मोठा असेल असं गल्लीत कुणाला वाटलं नव्हतं. "नाना! भाव तुमचा दिला, दिला का नाही? तारीख माझी होती! तुमच्या बायकोचे गुरुवार झाले, मी एक शब्द बोललो नाही. माझ्या बायकोला मी एकच वचन दिलं होतं. माझ्या पोरीची हळद मी कुठं लावू, सांगा! रस्त्यावर लावू?"

मला वाटलं, आता सौदा मोडला. नानांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ठेवला असेल.

"गुरुजी," ते म्हणाले, "जायला मी तयार हाय. पर निघायचं कसं, तेच कळंना."

"टेम्पोत बसून!" मी म्हणालो.

"तेच तर! पलीकडचे पोस्टमन असेच गेले. भर दुपारी टेम्पो आला, सामान चढलं, आणि गेले. गल्ली झोपलेली. मी खिडकीतनं बघितलं आणि कूस बदलून परत झोपलो. मीच! इतक्या वर्षांचा शेजार, आणि एक माणूस दारात आला न्हाई. पोरगी सासरी जाती तर अख्खी गल्ली उंबऱ्यात येती, डोळ्याला पदर लावती. आमी ह्या घरात जन्म काढला. आमी काय चोर हाय का, असं मुकाट निघून जायला? आमच्यामागं कोण रडणार?"

खरं सांगतो, शेकडो लोकांना मी ताब्याची तारीख विचारली असेल. निघताना पोचवायला कोण येणार, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. गुरुजींचाही राग ओसरला. ते नानांच्या शेजारी ओट्यावर बसले, नानांचा उरलेला चहा त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात आतून सुवार्ता म्हणाली, "नाना, तुम्ही माझ्याच मागं निघा ना. सगळी गल्ली माझ्यासाठी येणारच आहे. तुम्हाला वेगळं बोलवायला नको."

नानांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पर पौष!"

तेव्हा काकू दारात आल्या. हाताला पीठ, कपाळाला आठी. "कसला आलाय पौष? आपण कार्तिकातच निघालोय. बोचकं बेलापुरात हाय. आता नुसतं टेम्पोत बसायचंय."

नानांनी बोटांवर महिने मोजून बघितले. शास्त्र त्यांचंच होतं, करणार काय?

नानांचं सामान हळदीच्या आदल्या दिवशी टेम्पोत चढलं आणि टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. भाऊसाहेब कुरकुरला, "माजा टेम्पो हाय का गोदाम?" पण हळदीला सगळ्यात जास्त तोच नाचला. अंगण मोकळं झालं, मांडव उभा राहिला. सुवार्ताला पहिली हळद लावायला गुरुजींनी सुमनकाकूंना पुढं केलं. गुरुजी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, ओठांतल्या ओठांत बायकोशी काहीतरी बोलत होते. तेव्हा ताबा मिळाला, असं मी समजतो.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न लागलं, अंगणात जेवणं झाली आणि दुपारी पाठवणी. सुवार्ता गुरुजींच्या गळ्यात पडली, काकू सुवार्ताच्या गळ्यात पडल्या, गल्लीतल्या बाया काकूंच्या गळ्यात पडल्या. कोण कुणासाठी रडतंय काही कळेना. नानांच्या पाया पडायला रांग लागली. नाना एकेकाला "येतो बरं का, येतो" म्हणत होते, डोळ्यांतून धारा आणि तोंडावर असं समाधान! म्हातारा नवरीपेक्षा जास्त रडला. मग पुढं नवरा-नवरीची गाडी, मागं पाहुण्यांच्या गाड्या आणि त्यांच्या मागं नाना-काकूंचा टेम्पो, अशी वरात निघाली.

घोळ पुढं झाला. देवळाली प्रवऱ्यात गाड्या नवऱ्याच्या दाराशी थांबल्या, तर भाऊसाहेबही सवयीनं मागोमाग आत शिरला. नवऱ्याकडच्या पोरांनी टेम्पो बघितला आणि आंदण आलं, आंदण आलं करत दोऱ्या सोडल्या. बाज उतरली, दिवाण उतरला, कोठ्या ओसरीत जाऊन बसल्या. नवऱ्याची आत्या दिवाणाला हात लावून म्हणाली, "सामान दिलंय भरपूर, पर समदं जुनंच दिसतंय गं!" तेवढ्यात केबिनमधून नाना उतरले. ती त्यांच्याकडं बघतच राहिली.

"बाई," नाना हात जोडून म्हणाले, "मी आंदणात न्हाई. मी पुण्याला चाललोय."

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. सामान पुन्हा चढलं. चहा-फराळ झाला, नव्या नवरीनं नाना-काकूंच्या हातावर शिदोरी ठेवली आणि ज्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं, तिथल्याही अख्ख्या आळीनं त्यांना हात हलवून पोचवलं.

एकच राहिलं. वरात बेलापुरातून गेली तेव्हा आमची मार्था बोचकं घेऊन रस्त्यावर उभी होती. गाड्यांच्या हॉर्नच्या गोंधळात टेम्पो थांबलाच नाही. मी संध्याकाळी फोन केला, "नाना, बोचकं राह्यलं की हो! पाठवून देऊ?"

पलीकडून नाना म्हणाले, "राहू द्या तिथंच."

"अहो पण, तुमच्या शास्त्राप्रमाणं—"

"म्हणून तर म्हणतो. राहू द्या."

त्याला आता काही वर्षं झाली. मी धंदा सोडला, गुडघ्यांनी मला सोडलं. बोचकं आमच्या कपाटावर आहे, नाताळच्या ताऱ्याच्या खोक्याशेजारी. दर दिवाळीला नानांचा फोन येतो. घर कसं आहे, गुरुजी कसे आहेत, सुवार्ताचं पोरगं चालतं का, सगळं विचारतात आणि शेवटी, "आमचं सामान जागेवर हाय ना?" मी म्हणतो, हाय. "मग झालं," म्हणून फोन ठेवतात.

तांदळाला सोंडे होतात. म्हणून दर नाताळाला तारा काढायला स्टूल लावलं की मार्था बोचकं खाली घेते, तांदूळ बदलते आणि जशी नानांची गाठ होती तशीच गाठ मारते. परवा मी म्हणालो, रेशनचे टाक की, कोण खाणार आहे? तर माझ्यावरच खेकसली.

"नानांना चालायचे न्हाईत," म्हणाली, आणि डब्यातले चांगले तांदूळ ओंजळीनं घातले.